माकडताप: एका जंगलाचा आणि एका प्रयोगशाळेचा इतिहास

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणूजन्य आजार आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत तो क्यासनूर जंगलताप या नावाने आढळतो. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला आणि ओळखणारी संस्था होती पुण्याची. डॉक्टर, विषाणुतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ, प्राणितज्ज्ञ आणि पक्ष्यांचे अभ्यासक अशा सगळ्यांनी मिळून एका विषाणूचा माग जंगलापासून घरापर्यंत काढायचा, हे काम भारतात एवढ्या चिकाटीने फार थोड्या वेळा झाले आहे. प्राण्यांतून माणसात येणाऱ्या रोगांचा संयुक्त अभ्यास आज जगभर गाजतो. त्याची भारतातली मुळे या तापाच्या इतिहासात सापडतात.

या इतिहासाची सुरुवात मात्र एका वेगळ्याच रोगाच्या भीतीतून झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानने पीतज्वराविरुद्ध मोठी मोहीम चालवली होती. शहरांतले डास हटवले की पीतज्वर संपेल, असा तेव्हाचा समज होता. १९३० च्या दशकात ब्राझीलमध्ये तो खोटा ठरला. शहरे स्वच्छ झाली तरी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लोकांना पीतज्वर होतच राहिला, कारण विषाणू जंगलातल्या माकडांत आणि झाडांच्या शेंड्यावर राहणाऱ्या डासांत टिकून होता. रोगाचे खरे घर माणसाच्या वस्तीबाहेर असू शकते, हा धडा प्रतिष्ठानच्या संशोधकांनी मनावर घेतला. मग कीटकांतून पसरणारे आणखी कोणते विषाणू जगात आहेत, हे शोधण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी उष्ण प्रदेशांत प्रयोगशाळांची साखळी उभारली. ब्राझीलमध्ये बेलेम, वेस्ट इंडिजमध्ये त्रिनिदाद, आफ्रिकेत जोहान्सबर्ग, आणि भारतात पुणे.

पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून सुरू झाले. भारतात पीतज्वर कधीच आला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास गावोगाव होता आणि लोकांच्या अंगात त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. तो एकदा शिरला तर काय होईल, ही धास्ती सरकारलाही होती. केंद्राचे पहिले मोठे काम रक्तद्रव तपासण्याचे होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचे रक्त गोळा करून त्यात कोणकोणत्या विषाणूंची प्रतिपिंडे आहेत हे पाहिले गेले. के. सी. स्मिथबर्न, केंद्राचे जे. ऑस्टिन केर आणि पी. बी. गटणे यांनी या पाहणीचे निष्कर्ष १९५४ साली छापले. पाहणीत एक गोष्ट तेव्हा विचित्र वाटली. सायबेरियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराशी नाते सांगणारी प्रतिपिंडे सौराष्ट्र-कच्छच्या काही लोकांच्या रक्तात होती. तीन वर्षांनी तिचे महत्त्व कळले.

दरम्यान केंद्राचे लोक गावोगाव फिरून डास आणि गोचिडी जमवत होते. पुण्याच्या वानवडीत मेंढ्यांवरच्या गोचिडींत १९५४ साली एक अनोळखी विषाणू मिळाला आणि विषाणूंच्या जागतिक यादीत वानवडीचे नाव लागले. ओडिशाच्या गंजाममध्ये शेळ्यांवरच्या गोचिडींतून आणखी एक हाती आला. मद्रास राज्यातल्या वेल्लोरमध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साथीने जपानी मेंदूज्वराचा तपास झाला. असे विषाणू वेगळे काढण्याची रीत वेळखाऊ होती. गोचिडी किंवा डास खलून त्यांचा अर्क दूधपित्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्ले आजारी पडतात का, हे रोज पाहायचे. पडली तर त्यांच्या मेंदूचा अर्क पुढच्या पिल्लांना टोचायचा. एका विषाणूची ओळख पटायला आठवडे लागत.

मग १९५७ चा मार्च उजाडला. शिमोगा जिल्ह्याच्या सागर आणि सोरब तालुक्यांतल्या जंगलात माकडे मरून पडत असल्याची खबर पुण्याला पोचली. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची टोपीमाकडे दोन्ही मरत होती. त्याच गावांत माणसेही तापाने फणफणत होती. आधीच्या वर्षी, १९५६ सालीही असाच ताप आला होता, तेव्हा तो विषमज्वर समजला गेला होता. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत पीतज्वराची लाट येते तेव्हा आधी जंगलातली माकडे मरतात, हे केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या रोगाच्या पहाऱ्यासाठी ही प्रयोगशाळा बसवली होती तोच सह्याद्रीत शिरला की काय, या शंकेने पथक तातडीने निघाले. त्यात संचालक टेलफर्ड वर्क आणि कीटकतज्ज्ञ हॅरल्ड ट्रॅपिडो होते. ट्रॅपिडो यांनी पनामाच्या जंगलात पीतज्वराच्या डासांचा अभ्यास केला होता, त्यामुळे मेलेली माकडे म्हणजे काय हे त्यांना नव्याने सांगावे लागले नाही. पी. एन. भट्ट, के. जी. कुलकर्णी, डी. पी. नरसिंह मूर्ती हे भारतीय डॉक्टर आणि म्हैसूर राज्याचे आरोग्य कर्मचारी या तपासात बरोबरीने होते. सुरुवातीच्या शोधनिबंधांवर त्यांची नावे आहेत. लोकप्रिय लेखनात मात्र बहुतेकदा दोन अमेरिकनांचीच नावे उरतात, आणि ते अन्यायाचे आहे.

रुग्णांचे रक्त, मेलेल्या माकडांचे अवयव आणि जंगलातल्या गोचिडी बर्फात घालून पुण्याला नेल्या गेल्या. तिन्हींत एकच विषाणू निघाला. तो पीतज्वराचा नव्हता. प्रतिपिंडांच्या चाचण्यांत त्याचे नाते जुळले ते रशियातल्या वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या गटाशी, म्हणजे सायबेरियाच्या तैगा अरण्यात गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूंशी. त्या गटातला विषाणू उष्ण कटिबंधात माणसांत साथ घडवतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. ज्या राखीव जंगलातल्या मेलेल्या वानरात तो सापडला त्या क्यासनूरचे नाव रोगाला मिळाले. त्या डोंगराळ मुलखातले, म्हणजे मलनाडातले, लोक त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, म्हणू लागले. कोकणात आणि गोव्यात पुढे ‘माकडताप’ हेच नाव रुळले.

रोगाची लक्षणे लवकरच स्पष्ट झाली. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप चढतो. डोके ठणकते, कंबर आणि पोटऱ्या मोडून येतात, डोळे लाल होतात, रुग्णाला उठवत नाही. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा आतड्यांतून रक्त जाते. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येतो. तेव्हा मान आखडणे, भ्रम, हातापायांना कंप अशी मेंदूवरच्या परिणामाची चिन्हे दिसतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही आणि त्यावर रामबाण औषध आजही नाही. केंद्राच्या प्रयोगशाळेत आणि जंगलात काम करणाऱ्या अनेकांनाही त्याची लागण झाली. आजची सुरक्षा-कपाटे आणि बंदिस्त दालने तेव्हा नव्हती.

विषाणू हाती आला तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला: हा इथे आला कुठून? सायबेरियाशी नाते आणि मधले हजारो मैल, यांचा मेळ घालायचा तर थंडीत उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी अंगावर गोचिडी घेऊन येत असावेत, असा तर्क पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने त्यात रस घेतला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सलीम अली यांना विचारणा झाली. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास नोंदवण्याचे स्वप्न सलीम अली कित्येक वर्षे उराशी बाळगून होते, पैसा नव्हता. विषाणूच्या शोधाने तो मिळवून दिला. १९५९-६० च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात कच्छ, भरतपूर आणि इतर ठिकाणी जाळ्यांत पक्षी धरायचे, अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून कुपीत ठेवायच्या, थोडे रक्त घ्यायचे, पायात क्रमांकाची कडी अडकवायची आणि पक्षी सोडून द्यायचा, असे काम हजारो वेळा झाले. पक्षी विषाणू आणतात याचा पुरावा काही मिळाला नाही. भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराची पहिली भरीव माहिती मात्र या खटाटोपातून जमली, आणि ती आजही उपयोगी पडते.

याच प्रकल्पाने पुढे वादळही ओढवून घेतले. त्याच्या नंतरच्या टप्प्यात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाचा पैसा आला. पक्ष्यांमार्फत विषाणू पसरवण्याच्या युद्धतंत्राचा हा अभ्यास आहे, असे आरोप १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांतून झाले. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने चाललेल्या डासांच्या जनुकीय नियंत्रणाच्या प्रकल्पावरही असाच संशय घेतला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या अशा संशोधनांची चौकशी केली, कडक शेरे मारले, आणि दिल्लीचा प्रकल्प १९७५ साली गुंडाळला गेला. जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही. तरी समितीचा मूळ प्रश्न रास्तच होता: नमुने कुणाचे, ते कुठे जातात, निष्कर्षांवर हक्क कुणाचा? परदेशी भागीदारांबरोबरच्या विषाणू-संशोधनात भारत सरकार आजही जी सावधगिरी बाळगते तिचे एक मूळ या प्रकरणात आहे.

या वादाच्या बऱ्याच आधी रोगाचे उत्तर जंगलाच्या जमिनीवरच मिळाले होते. केंद्राने सागर इथे क्षेत्र-केंद्र उघडले आणि वर्षानुवर्षे, पावसाळ्यासकट, जंगल तपासले. गोचिडी जमवण्याची पद्धत साधी होती. पांढऱ्या कापडाचा तुकडा पालापाचोळ्यावरून आणि झुडपांवरून ओढत न्यायचा. यजमानाची वाट पाहत बसलेल्या गोचिडी कापडाला चिकटतात. त्यांतल्या कित्येक तिळाएवढ्याही नसतात. मग कापड पसरून एकेक गोचीड चिमट्याने उचलायची, जागा आणि तारीख लिहून कुपीत टाकायची. अशा हजारो कुप्या पुण्याला गेल्या. गोचिडींच्या जाती ओळखण्यासाठी कैरोतल्या अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय केंद्रातले हॅरी हूगस्ट्राल यांची मदत झाली. या कामात गोचिडीच्या नव्या जातीही नोंदल्या गेल्या; ट्रॅपिडो, हूगस्ट्राल आणि पी. के. राजगोपालन यांनी १९६४ साली त्यांतल्या एका जातीला क्यासनूरचेच नाव दिले. विषाणूची मुख्य वाहक मात्र हीमाफायसॅलिस स्पायनीजेरा ही जात ठरली.

या गोचिडीचे आयुष्य तीन यजमानांवर चालते. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे अशा प्राण्यांच्या अंगावर चढतात. रक्त पिऊन ती खाली पडतात, कात टाकतात आणि आठ पायांच्या मधल्या अवस्थेत जातात. पिल्लाच्या पोटात आलेला विषाणू कात टाकल्यावरही आत राहतो. माणसाला चावते ती मुख्यतः ही मधल्या अवस्थेतली गोचीड. तिचा काळ नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणून तापाचा हंगामही तोच. पूर्ण वाढलेली मादी मोठ्या जनावरांचे, मुख्यतः गाईगुरांचे, रक्त पिऊन जमिनीवर हजारोंनी अंडी घालते. वानर किंवा टोपीमाकड विषाणूने मेले की अंगावरच्या गोचिडी तिथेच गळून पडतात आणि तेवढी जागा महिनोन्महिने धोक्याची होते. मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांच्या परिघात कीटकनाशक मारण्याचा जो नियम आरोग्यखाते आज पाळते, तो या निरीक्षणातून आलेला आहे.

साखळी अशी जुळली, पण रोग १९५७ च्या सुमारासच का उफाळला, हा प्रश्न राहिला. त्याला सर्वांत पटणारे उत्तर होर्हे बोशेल यांनी दिले. बोशेल मूळचे कोलंबियाचे. तिथल्या जंगलात लाकूडतोडे झाड पाडत असताना शेंड्यावरचे निळे डास फांद्यांबरोबर खाली येऊन त्यांच्याभोवती घोंघावू लागलेले त्यांनी पाहिले होते. जंगलातला पीतज्वर माणसापर्यंत कसा पोचतो, हे त्या दृश्याने उलगडले. १९६० च्या दशकात ते पुण्याच्या केंद्रात आले आणि राजगोपालन यांच्याबरोबर त्यांनी मलनाड पिंजून काढला. विषाणू बाहेरून आलेला नाही, तो या जंगलात लहान प्राण्यांत आणि गोचिडींत पूर्वीपासून गुपचूप फिरत असावा, असे मत त्यांनी १९६९ सालच्या निबंधात मांडले. बदल माणसाने घडवला. लोकसंख्या वाढली, दऱ्याखोऱ्यांत भातशेतीसाठी जंगल तुकड्यातुकड्यांनी तुटले, कडेला घाणेरीची झुडपे माजली आणि गाईगुरे चरायला जंगलात जाऊ लागली. गुरे विषाणू वाढवत नाहीत. पण पोटभर रक्त मिळाल्याने गोचिडी अफाट वाढतात. त्या गोचिडींत माकडे फिरली की साथ भडकते, आणि सरपण किंवा पाला आणायला गेलेली माणसे तिच्या तोंडी जातात. एका परक्या देशातल्या जंगलाची जाण दुसऱ्या देशातल्या जंगलाला लावून पाहिली, याचे हे फळ. या साऱ्या इतिहासात बोशेल यांचा निबंध सर्वांत मोलाचा मानावा लागेल.

रॉकफेलर प्रतिष्ठानने १९६७ मध्ये आपला हात काढून घेतला आणि केंद्राचा सारा भार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेवर आला. काम थांबले नाही. मुंबई राज्याच्या हिवताप खात्यात उमेदवारी केलेले टी. रामचंद्र राव, पुढे खुर्शीद पावरी आणि कल्याण बॅनर्जी यांनी संस्थेची धुरा वाहिली. १९७८ साली केंद्राला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली मिळालेला चांदीपुरा विषाणूही याच केंद्राचा शोध. तेव्हा किरकोळ वाटलेला हा विषाणू २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांच्या मेंदूज्वराच्या भीषण साथीत सापडला.

लसीची कथा कमी सुखाची आहे. १९५८ च्या सुमारास शिमोग्यातल्या गावकऱ्यांना रशियन मेंदूज्वरावरची लस नात्यातल्या विषाणूवर चालेल या आशेने टोचली गेली; ती चालली नाही. मग पुण्यात कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने निष्प्रभ करून खास लस तयार झाली. १९९० ते १९९२ मधल्या मोठ्या चाचणीत तिचे एका मात्रेचे संरक्षण ७९ टक्के आणि दोन मात्रांचे ९३ टक्क्यांच्या वर दिसले. पण २००५ ते २०१० या काळातल्या वापराचा हिशेब २०१३ साली छापला गेला तेव्हा दोन मात्रांचा आकडा ६२ टक्क्यांवर आला होता. वर्धक मात्रा घेतलेल्यांत तो सुमारे ८३ टक्के होता. टोचलेली जागा दुखत असल्याने आणि वारंवार मात्रा घ्याव्या लागत असल्याने लोक टाळाटाळ करत. पुढे तिचा प्रभावच खालावल्याचे आढळले आणि २०२२ पासून तिचा वापर थांबला.

रोग मात्र एका जिल्ह्यात राहिला नाही. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात जंगलतोडीपाठोपाठ हजाराहून जास्त लोक आजारी पडले. २०१२ पासून तो बंदीपूर, निलगिरी आणि केरळच्या वायनाडमध्ये दिसला, २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात. दोडामार्गातल्या केर या गावात आणि आसपास आधी माकडे मेली, मग माणसांना ताप आला. त्या हंगामात रुग्णसंख्या शंभरावर गेली. पुण्याच्या संस्थेने आणि मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राने या भागातल्या रुग्णांचे निदान केले. कोकण-गोव्यातला धोका काजूच्या बागांत असतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोंडू गळतात आणि बी वेचायला बाया-माणसे दिवसभर पातेऱ्यात वाकलेली असतात. गोचिडींचा हंगामही तेव्हा चालू असतो. काजूच्या कामावर गोव्यात गेलेले मजूर आजार घेऊन बेळगावकडच्या आपल्या गावी परतल्याच्याही नोंदी आहेत.

या फैलावाने संयुक्त अभ्यासाला पुन्हा चालना दिली. पुण्यात पाषाण इथे २०१२ साली सर्वोच्च, म्हणजे चौथ्या, जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. २०११ साली गुजरातेत आढळलेल्या क्रायमिअन-काँगो तापाचे आणि २०१८ साली केरळात फैलावलेल्या निपाचे निदान याच संस्थेने पक्के केले. २०१८ पासून ब्रिटनमधील पर्यावरणशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या संस्था, पशुवैद्य आणि कर्नाटकाचे आरोग्यखाते यांनी मिळून माकडतापाच्या जोखमीचे नकाशे तयार केले. जंगल आणि बागायती यांची जिथे सरमिसळ झाली आहे आणि गुरांची संख्या मोठी आहे, तिथे धोका अधिक, असे त्यांत दिसले. बोशेल यांनी पायी फिरून मांडलेले म्हणणे उपग्रहाच्या चित्रांनी बरेचसे उचलून धरले. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास करण्यासाठी नागपुरात राष्ट्रीय संस्था उभारण्याची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

जुन्या लसीच्या जागी नवी लस आणण्याचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून करत आहेत. ती हाती येईपर्यंत बचावाचे उपाय जुनेच आहेत: जंगलात जाण्याआधी अंगाला गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल लावणे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंगावरच्या गोचिडी शोधणे, मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवणे, आणि हंगामात आलेला कोणताही ताप अंगावर न काढता रक्त तपासून घेणे.